तीन सारखे तांबे

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, त्यामुळे आपल्या दोघींत पत्राचा प्रकार कधी झालाच नाही. आता मी बोलते आहे आणि माझी नात लिहून घेते आहे. मधूनच थांबून विचारते, "आज्जी, हे असंच लिहू? जरा गोड करू का?" मी तिला सांगितलं, गोड काही करू नकोस, जिला लिहितेय तिला गोड सोसत नसे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा मला आता सबंध आठवत नाही. हात आठवतात. उजवा पातेल्याच्या काठावर डाव आपटणारा, डावा माझ्या टाळूवर टपली मारणारा. दोन्ही हातांना कामं नीट वाटून दिली होतीस. वाटणीत तू हुशारच होतीस, म्हणून तर हे पत्र. आपल्या घरातली एक वाटणी चुकली होती आणि ती कुणी चुकवली ते मला मागच्या महिन्यात कळलं.

नातीला यातलं अर्धंमुर्धंच ठाऊक आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. तू जरा धीर धर. तुला आता घाई कसली?

लालबागची आपली खोली. खोली कसली, लांबट डबाच तो. त्यात आपण पाच जणं आणि तुझ्या खाणावळीत जेवायला येणारे गावचे नऊ गडी. बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे, त्यांची पाळी बदलली की घराची झोपायची वेळ बदलायची. ताई आणि मधली म्युनिसिपालटीच्या शाळेत जायच्या. मी तिसरी. येत्या जूनमध्ये हिचंही नाव घालू, असं बाबा म्हणाले होते, आणि ताईची जुनी पाटी मी आतापासूनच पुसून पुसून ठेवत होते. तुला चौथ्यांदा दिवस गेले होते आणि या खेपेला मुलगा हवा होता. तीन मुलींवर एक मुलगा मागितलास यात वाईट काही नाही गो, मलाही एखादा भाऊ चालला असता. पण तू महादेवाला लाखोली बोललीस. तांदळाची. एक लाख अख्खे दाणे, टोकसुद्धा मोडलेलं चालणार नाही. बोललीस तू आणि मोजायला बसवलंस मला. नवस तुझा, मुलगा तुझा, पाठ माझी.

सकाळी दोघी शाळेत गेल्या की तू माझ्यापुढे सूप सरकवायचीस. रेशनचा तांदूळ. निम्मी कणी, थोडे खडे, थोडे किडे, आणि मधेच कुठे तरी अख्खा दाणा लाजत बसलेला. अख्खे या बाजूला, कणी त्या बाजूला. ती कणी दुपारी गड्यांच्या भातात जायची. एक जण एकदा भीत भीत म्हणाला, "वयनी, हल्ली भात गिच्च जाता गे." तू डाव हातातच ठेवून म्हणालीस, "सरकाराक सांगा जावन." ते बिचारे खाली मान घालून जेवले. देवाला अख्खे दाणे आणि गिरणीत उभं राहणाऱ्या माणसांना कणी. देवाला दात नाहीत हे तुला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं.

तुला वीसपर्यंत मोजता यायचं, पुढे विसा. एक वीस, दोन विसा, पाच विसा झाल्या की शेकडा. तेवढंच मला शिकवलंस आणि तेवढ्यावर मी आजही बाजार करते. शेकडा भरला की एक चिंचोका बाजूला ठेवायचा. दहा चिंचोके झाले की ते दाणे बाबांनी गिरणीतून आणलेल्या चिंधीत बांधायचे, हजाराची पुरचुंडी, आणि चिंचोके परत आपल्या जागी. "आये, लाख म्हणजे किती?" मी विचारलं. "अशे शंभर. तोंड बंद ठेव, दाणे उडतले." मला वाटलं होतं लाख म्हणजे खोली भरेल, गॅलरी भरेल, खाली रस्त्यावर सांडेल आणि पोलीस येतील. म्हणून मी तोंड बंद ठेवून मोजत राहिले. दाराशी कुणी हाक मारली की आकडा पळायचा. मग तो शेकडा पुन्हा पहिल्यापासून. तू चुलीकडे तोंड करून असायचीस, पण माझे ओठ थांबले की तुला पाठीतून दिसायचं. डावा हात यायचाच.

संध्याकाळी ताई शाळेतून यायची, हातपाय धुवायची आणि तुझ्या धाकानं दोन-चार शेकडे मोजायची. मोठमोठ्यानं, वर्गात उभी असल्यासारखी, एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी. मला काही तिचा भरवसा वाटेना. तिचे शेकडे मी दुसऱ्या सकाळी मोडायची आणि माझ्या विसांनी पुन्हा मोजायची. आणि सांगू? पुरे भरायचे. एकही दाणा कमी नाही, एकही जास्त नाही. तेव्हा मला त्याचा फार राग यायचा. हे ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

शंभर पुरचुंड्या झाल्या आणि देवाकडे न्यायचा दिवस ठरला, त्याच्या आधीच्या आठवड्यात तू बाजारात गेलीस की मी लाखाशी खेळायची. दुसरं खेळणं होतं कुठे? त्याचे दोन ढीग करायची, पन्नास-पन्नास पुरचुंड्या. त्यातला एक ढीग घेऊन पुन्हा अर्धा, पंचवीस. पुन्हा अर्धा करायचा तर एक पुरचुंडी सोडावी लागते, बारा आणि वर पाचशे दाणे. पुन्हा अर्धा, सहा आणि अडीचशे. पुन्हा अर्धा, तीन आणि सव्वाशे. इथवर लाख गुण्यागोविंदानं मोडतो, आणि इथे अडून बसतो. सहाव्यांदा काही केल्या अर्धा होत नाही, एक दाणा हातात राहतो. मग त्याच ढिगाचे पाच वाटे करून एक वाटा ठेवायचा, त्याचे पुन्हा पाच, पुन्हा पाच. असं करत गेलं की तेही पाचच वेळा होतं आणि शेवटी समोर अगदी एकच दाणा उरतो. पाच वेळा अर्धा आणि पाच वेळा पाचवा, झाला लाखाचा एक. मी तो एक दाणा बोटावर घेऊन बघत बसायची. एवढा मोठा लाख, त्याच्या पोटात दोन आणि पाच सोडून कुणी नाही.

कधी गड्यांना जेवायला बसवायची. नऊ ढीग लावले की एक दाणा उरायचा. गावाहून दोन पाहुणे आले असं धरून अकरा लावले की एक कमी पडायचा. सात लावले तर पाच उरायचे. का, ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं हा लाखाचा स्वभाव आहे. माणसांना असतो तसा. दोनाशी पटतं, पाचाशी पटतं, तिनाशी आणि नवाशी उभा दावा. तू जिन्यात खोकलीस की मी सगळं भराभर बांधून ठेवायची. त्या खोलीत माझं म्हणावं असं ते एकच होतं, त्याचा स्वभाव मला कळला होता आणि तुला नव्हता.

मग तो दिवस. तुझं पोट चांगलंच दिसायला लागलं होतं. बहिणींच्या हातून दाणे वाहिले की भाऊ येतो, असं तुला शेजारणीनं सांगितलं होतं. म्हणून तीन तांबे घासून मांडलेस आणि लाखाचे तीन वाटे करायला बसलीस. तेहतीस पुरचुंड्या ताईला, तेहतीस मधलीला, तेहतीस मला. एक पुरचुंडी उरली. ती सोडलीस. दहा शेकडे, तिघींना तीन-तीन, एक शेकडा उरला. तोही मोडलास. तिघींना तेहतीस-तेहतीस दाणे, आणि एक दाणा उरला. फरशीवर मधोमध. मधली म्हणाली, "माझा! मला घाल!" तू तिच्याकडे पाहिलंही नाहीस. माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तू नसतंस तर सरळ वाटून झाले असते. पन्नास तिका, पन्नास हिका. एक पुरचुंडी सोडूक लागली नसती." मग तो दाणा चिमटीत धरलास. "हो बघ, तुझ्यासारखोच. उरलेलो." आणि अंगठ्यानं गॅलरीत उडवलास. एक चिमणी आली, तिनं दाणा बघितला आणि उचलून गेली. चिमणीला तरी मी चालले, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

पुरचुंड्या सोडून दाणे तांब्यांत ओतल्यावर मला दुसरा धक्का बसला. लाख म्हणजे तीन तांबे! तेही काठोकाठ नाहीत. रांधला असता तर खाणावळीचं एक दुपारचं जेवण. तिघी बहिणी तीन सारखे तांबे धरून तुझ्यामागून देवळात गेलो. भटजींनी विचारलं, "किती?" तू म्हणालीस, "लाख." ते म्हणाले, "बरं." आम्ही पिंडीवर ओतले, त्यांनी पोत्यात भरले.

मुलगी झाली. सुईण बाहेर आली आणि काही बोललीच नाही, त्यावरून बाबांना कळलं. पुरचुंड्यांच्या शंभर चिंध्या तू जपून ठेवल्या होत्यास. दहा ओळी, ओळीत दहा, असं शिवून मुलासाठी दुपटं केलं होतंस. तिला त्यातच गुंडाळलं. फार लहान होती. बारशाआधीच गेली, तिच्याबरोबर दुपटंही गेलं. शेजारच्या बायका समाचाराला आल्या तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. त्यांतली एक म्हणाली, एवढी लाखोली वाहिलीस, तरी असं कसं गं झालं? तू उठून बसलीस. माझ्याकडे बोट केलंस. "ह्या चेडवान मोजणी चुकवल्यान. दाणे कमी पडले म्हणान देवान पाठ फिरवल्यान." सगळ्या बायका वळल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी पाण्याची घागर घेऊन उभी होते, ती खाली कुठे ठेवायची ते मला सुचेना.

जून आला तेव्हा बाबांनी एकदाच विषय काढला. तू म्हणालीस, "मोजूक येणा नाय, शाळेत जावन काय करतला?" बाबांनी चहा संपवला आणि पाळीवर गेले. माझी पाटी तू घागरीवर झाकण म्हणून ठेवलीस. बरोब्बर बसली गो, मापात. पुढे लग्न होईपर्यंत तहान लागली की मी पाटी उचलायची, पाणी प्यायची आणि पाटी ठेवायची. शाळेशी माझा एवढाच संबंध.

आता मागच्या महिन्यातलं. मधली केव्हाच गेली, बाबाही गेले, ताई आहे. अँटॉप हिलला लेकाच्या सरकारी क्वार्टरमध्ये असते. आयुष्यभर शाळेत गणिताची बाई होती, अजून कुणी तरी पांढऱ्या केसांचा माणूस वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, बाई, मी तुमचा विद्यार्थी. तिचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा बघितल्या म्हणून ओवाळायचं. नातीनं मला टॅक्सीनं नेलं. ओवाळणं झालं, पेढे झाले, पोरं भोवती बसली, आणि तिचा पणतू म्हणाला, "पणजी, ती तांदळाची गोष्ट सांग ना." मी कान टवकारले. ताईनं पदर सावरला आणि सुरू झाली. "मी तुमच्याएवढी होते तेव्हा एक लाख दाणे मोजलेत. एकेक करून. तुम्हाला आकडा म्हणजे फळ्यावरची शून्यं वाटतात, मी लाख बोटांनी ओळखते." पोरं आ वासून बसली होती. पांढऱ्या केसांचे विद्यार्थी माना हलवत होते, त्यांनाही गोष्ट पाठ होती. म्हणजे वर्षानुवर्षं, वर्गामागून वर्ग, तिनं माझा लाख वाटला होता. नात माझ्या कानात म्हणाली, "आज्जी, ही तर तुझी..." मी म्हटलं, गप्प बस, बघ आता.

मी तिथूनच मोठ्यानं विचारलं, "ताई, मोजलायस ना लाख? मग सांग, किती वेळा अर्धा होतो?" मला वाटलं आता अडखळेल. फळ्यावर लिहिणारीला काय ठाऊक तीन पुरचुंड्या आणि सव्वाशे दाण्यांवर तो कसा अडून बसतो ते.

"पाच वेळा," ताई म्हणाली. विचारसुद्धा केला नाही. "अगं सोपं आहे. दहात एक दोन आणि एक पाच असतो. लाख म्हणजे पाच दहा एकमेकांना गुणलेले. म्हणजे पाच दोन आणि पाच पाच. दोन संपले की अर्धं करणं संपलं."

"आणि नऊ जणांत वाटला तर?"

"एक उरेल. दहातून नऊ गेले की एक उरतोच, पुढे शून्यं कितीही लाव."

"अकरांत?"

"एक कमी पडेल. तू कधीपासून गणित करायला लागलीस गं?" आणि सगळे हसले. मीही हसले. पेढा तोंडात तसाच राहिला होता.

एवढंच होतं ते, आये. दहातून नऊ गेले की एक उरतो. मी ज्याला लाखाचा स्वभाव म्हणत होते तो साध्या दहाचा निघाला, माझ्याच दोन हातांच्या बोटांचा. फरशीवर गुडघे सोलून जे मला सापडलं ते तिला एका दमात सांगता आलं, वर का तेही सांगता आलं, जे मला इतक्या वर्षांत सापडलं नव्हतं. शाळेत गेले असते तर मधल्या सुट्टीच्या आत कळलं असतं. लाख मी मोजला, पण तो तिचाच आहे, हे त्या हसणाऱ्या पोरांपुढे मला कळलं. नात माझा हात दाबत होती. मी तो सोडवून घेतला.

तेवढ्यात पणतू म्हणाला, "मग तिघांना सारखा वाटायचा असेल तर?" ताई खुशीत आली. "मग त्यातला एक काढून फेकायचा. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. बघ, सगळे नऊच. तिघांना तेहतीस हजार तीनशे तेहतीस, अगदी सारखे." आणि त्याच्या गालाला चिमटा काढून म्हणाली, "पण मग तो लाख राहिला नाही हं! तीन सारखे वाटे झाले की समजायचं, हा लाख नाही."

पोरं हसून पेढ्यांकडे वळली. माझ्या डोळ्यांपुढे तीन तांबे. घासलेले, तीन बहिणींच्या हातात तीन सारखे तांबे.

काढून फेकायचा. आये, तू फेकलास. मोजणी पुरी होती, लाखाचा लाख होता, एक उरला यावरूनच कळायला हवं होतं. तो एक दाणा तू माझं नाव घेऊन चिमणीला घातलास आणि देवळात जाऊन भटजींना सांगितलंस, लाख. माझ्या तांब्यात टाकला असतास तरी लाख पुरा झाला असता. पण मग माझ्या तांब्यात एक दाणा जास्त झाला असता, आणि ते तुझ्यानं बघवलं नसतं. एका दाण्यासाठी देव पाठ फिरवतो असं मी मानत नाही. त्या मुलीचं जे झालं ते दाण्यांनी झालं नाही, एवढी अक्कल मला वय वाढता वाढता आली. पण तू मानत होतीस. मग तुझ्याच हिशेबानं सांग, देवाला फसवलं कुणी? बायकांपुढे बोट माझ्याकडे केलंस तेव्हा तो अंगठा त्याच हाताला होता गो.

पाहुणे गेल्यावर ताईनं मला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगावर बसवलं, माझं मनगट धरलं. तिचे हात आता तुझ्यासारखे दिसतात, मला ते आवडलं नाही. म्हणाली, "तुला म्हणून सांगते. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते, शेवट कुणालाच सांगत नाही. आपली ती धाकटी गेली, ती... माझीच मोजणी चुकली असणार गं. संध्याकाळचे शेकडे माझे होते. अभ्यासाची घाई असायची मला. आयेनं तुझ्यावर आळ घेतला, तुझी शाळा गेली, आणि मी काही बोलले नाही. मी पुढे मुलांना गणित शिकवत राहिले. हल्ली झोप लागत नाही. पडल्या पडल्या ते शेकडे मोजत असते, की कुठे चुकलं."

मला दोनच वाक्यं बोलायची होती. ताई, तुझे शेकडे मी रोज सकाळी पुन्हा मोजायची, ते पुरे भरायचे. आणि ताई, तो दाणा आयेनं फेकला, तू आत्ताच पणतूला सांगितलंस तसा. ती माझ्याकडे बघत होती. मोठी बहीण, हजार चंद्र बघितलेली, आणि डोळे असे की पहिलीतली पोर निकालाला उभी आहे. मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हटलं, "पेढे घरचे का विकतचे?"

"विकतचे," ती म्हणाली, आणि तिनं माझं मनगट सोडलं.

 आता हे लिहिताना नातीनं पेन खाली ठेवलंय आणि म्हणतेय, "आज्जी, हे जिला लिहितेस तिला वाचता येत नव्हतं, आणि ती नाहीही. ताईआजीला येतं. मी उद्याच नेऊन देते तिला." हुशार आहे, ताईवर गेलीय. पण हे कुठे जाणार नाही. कागद माझ्या उशाच्या पिशवीत राहील. ताईनं माझा लाख घेतला, तर त्याच्याबरोबर जे येतं तेही थोडे दिवस तिच्याकडे असू दे. मी ते खूप वर्षं सांभाळलंय. तिला सांगणार नाही असं नाही, सांगेन. गेल्या रविवारी फोनही लावला होता. ती "बोल गं" म्हणाली. मी विचारलं, "झोप लागते का गं आता?" ती म्हणाली, "नाही." आणि आये, मला बरं वाटलं.